पहिला चीक

नमस्कार श्रोतेहो.

बाळ जन्मलं की पहिल्या तासाच्या आत त्याला आईच्या अंगाला लावायचं, आणि जो काही पिवळा, चिकट, थेंबभर चीक येईल तो पाजायचा. एवढंच सांगायला मी आज आले आहे. कागद-पेन शोधू नका, बोलता बोलता मी हे आणखी दोन-तीनदा सांगणार आहे.

29 वर्षं मी परिचारिका म्हणून गावोगाव बाळंतपणं केली. नवं जन्मलेलं बाळ रोगांशी कसं लढतं, हे लोक मला नेहमी विचारतात. थोडक्यात सांगते. बाळ पोटात असताना आईच्या रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे रोगजंतूंना ओळखून अडवणारे पदार्थ, वारेतून (बाळाची नाळ जिला जोडलेली असते तिच्यातून) त्याच्या रक्तात उतरतात. आईला जे आजार होऊन गेले, ज्या लशी तिनं घेतल्या, त्यांची ओळख बाळाला अशी आयती मिळते. सगळ्यात जास्त प्रतिपिंडं उतरतात ती शेवटच्या काही आठवड्यांत, म्हणून तर दिवस भरण्याआधी आलेल्या बाळाला जास्त जपावं लागतं. ही शिदोरी जन्मभर पुरत नाही, काही महिने पुरते. गोवराची लस आपण नवव्या महिन्यात का देतो? कारण त्याआधी आईची प्रतिपिंडं बाळाच्या अंगात शिल्लक असतात आणि ती लशीचाच जोर मोडू शकतात.

गरोदरपणात दंडावर टीडीचं, म्हणजे धनुर्वात आणि घटसर्पाच्या लशीचं, इंजेक्शन देतात त्याचं संरक्षणही याच वाटेनं बाळापर्यंत पोचतं. सुई टोचून घेते आई, आणि धनुर्वातापासून वाचतात दोघं. पहिलटकरणीला दोन डोस, मध्ये चार आठवडे.

धनुर्वाताचा विषय निघालाच आहे तर बोलते. मी नोकरीला लागले तेव्हा बाळ आजारी आहे म्हटलं की आमचा पहिला प्रश्न असायचा, नाळ कशानं कापली? विळ्यानं कापायचे, वर राख लावायचे. बाळ दोन-तीन दिवस छान प्यायचं, मग ओढेनासं व्हायचं, जबडा आवळायचा, अंग ताठ व्हायचं. हा आजार बहुतेक वेळा पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात दिसतो. पाचवी-सटवीच्या रात्री बायका दिवा लावून बाळापाशी जागतात ना, मला नेहमी वाटतं, जुन्या बायकांनी हे दिवस मोजून पाहिलेले असणार. 2015 मध्ये भारतातून माता आणि नवजात बाळांचा धनुर्वात हटल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केलं. म्हणजे कुठल्याही जिल्ह्यात वर्षाला हजार जन्मांमागे एकापेक्षा कमी बाळाला तो होतो. हे लशीनं झालं, आणि साबणानं, कोऱ्या ब्लेडनं, स्वच्छ दोऱ्यानंही झालं. तो साबण आणि ते ब्लेड घरात कुणी नेलं? कितीतरी वाड्या-वस्त्यांवर गावच्या सुईणीनं नेलं. त्या बायकांना सरसकट अडाणी म्हटलेलं मला अजूनही सहन होत नाही. शिकवलं तर त्या शिकल्या, आणि आमच्यापेक्षा भरभर शिकल्या.

असो. आता कोयनेच्या खोऱ्यातल्या एका वाडीवरची गोष्ट सांगते. 1994 सालचा आषाढ. तिकडच्या पावसाची ज्यांना कल्पना आहे त्यांना वेगळं सांगायला नको. दिवेलागणीला एक पोरगा इरलं पांघरून मला न्यायला आला. ओढा ओलांडून आम्ही पलीकडे गेलो, आणि पाठोपाठ ओढ्याला असं पाणी आलं की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मला परत फिरता आलं नाही.

पहिलटकरीण होती. रात्री दोनच्या सुमाराला मुलगी झाली. खणखणीत रडली. मी बाळ कोरडं केलं, नाळ बांधली, कापली, आणि बाळाला आईच्या छातीशी लावायला गेले तर तिच्या आजेसासूबाईंनी हात आडवा घातला.

"आज न्हाई, सिस्टर. तिसऱ्या दिशी पाजायचं."

"का हो आजी?"

"ते दूध न्हवं. नासकं असतंय, पिवळं. पिळून टाकायचं असतंय. आमच्यात तसंच हाय."

मी समजावायला बसले. कोलोस्ट्रम हा शब्द त्या रात्री मी दहा वेळा तरी उच्चारला असेल. प्रतिकारशक्ती सांगितली, जीवनसत्त्व अ सांगितलं, पुस्तकात होतं ते सगळं सांगितलं. आजी मान डोलावत ऐकत होत्या आणि कापसाची वात गुळाच्या पाण्यात बुडवून बाळाच्या ओठांना लावत होत्या. ते पाणी कुठलं, उकळलेलं की नाही, देव जाणे. बाळंतीण भिंतीकडे तोंड करून पडून होती. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

पहाटे गोठ्यात धावपळ झाली. तांबडी गाय व्याली. कंदील घेऊन आजी उठल्या, मीही मागोमाग गेले. कालवड अशक्त होती, पाय लटपटत होते, उभी राहीना. आजींचा मुलगा म्हणाला, "वार पडू दे, मग पाजू." आजी अशा कडाडल्या त्याच्यावर! "वार पडंपत्तुर मरंल ती! आधी चीक घाल तिच्या पोटात!" आणि स्वतःच उकिडव्या बसल्या. सडातून ओंजळीत चीक पिळून घेतला. हळदीच्या रंगाचा, मधासारखा दाट. त्यात बोट बुडवून त्यांनी कालवडीच्या तोंडात दिलं. एकदा, दोनदा, दहादा. बोट चोखता चोखता कालवड पुढे सरकली, आणि बोटाच्या मागं मागं आजींनी तिला थेट सडापर्यंत आणली. शेपूट हलायला लागली तेव्हा कुठे त्यांनी कंबर सरळ केली.

मी म्हटलं, "आजी, हाही पिवळाच आहे की."

"चीक हाय त्यो. पिवळाच असतोय. दोन सालांमागं एक वासरू गेलं आमचं, गाय अंगाला लावून घीना. हगवण लागली, तिसऱ्या दिशी खलास. चिकाबिगर वासरू धरत न्हाई, सिस्टर."

"मग आजी, तुमच्या नातसुनेला आलाय तोही चीकच आहे."

आजींनी कंदील वर केला आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"बाईलाबी चीक येतो व्हय?"

"येतो तर! त्यालाच मी रात्रभर कोलोस्ट्रम म्हणत होते."

"मग चीक म्हनायचं हुतं की!"

हात धुऊन आजी आत गेल्या. पोरीला उठवून तिच्या पाठीमागे बसल्या, तिला आपल्या अंगावर रेलून घेतलं, आणि बाळ तिच्या छातीशी देऊन म्हणाल्या, "घे गं, चीक पाज लेकीला. थोडा हाय म्हून भिऊ नगंस, चीक थोडाच असतोय." हे शेवटचं वाक्य मी त्यांना शिकवलं नव्हतं. पहिला तास हुकला होता, तीन-चार तास उलटून गेले होते. पण चीक पोटात गेला.

दुपारी ओढा उतरला. निघताना आजींनी वाटीभर खरवस दिला, गुळातला, जायफळ किसून घातलेला. कालवडीचं पोट भरल्यावर जे उरलं त्याचा केलेला. खरवस तसाच करावा, वासराच्या तोंडचा काढून करू नये. आणि शहरात मिल्क पावडर आणि चायना ग्रास घालून थिजवतात त्याला खरवस म्हणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढं कितीतरी वर्षं मी विचार करत होते, वासराच्या बाबतीत इतकी शहाणी असलेली बाई पणतीच्या बाबतीत कशी चुकली? मला वाटतं कारण असं आहे. गायीच्या वारेतून प्रतिपिंडं वासराच्या रक्तात उतरत नाहीत. वासरू जन्मतं ते रिकाम्या हातानं, त्याला जे मिळायचं ते चिकातूनच, आणि तेही पहिल्या काही तासांत. एका दिवसानंतर त्याचं आतडं ती प्रतिपिंडं रक्तात घेईनासं होतं. म्हणून चीक चुकला की वासरू डोळ्यांदेखत जातं, आणि शेतकरी ते विसरत नाही. माणसाच्या बाळाला वारेतून काहीतरी आधीच मिळालेलं असतं. चीक पिळून टाकला तरी ते त्या आठवड्यात ठणठणीत दिसतं. मग पुढं जुलाब होतात, छाती भरते, आणि कुणी त्याचा संबंध चिकाशी जोडत नाही.

आईच्या चिकातली प्रतिपिंडं बाळाच्या आतड्याच्या अस्तरावर पसरतात आणि जंतूंना तिथेच अडवतात. चिकात पांढऱ्या पेशी असतात, जीवनसत्त्व अ असतं, आणि तो पोटात गेला की बाळाची काळी शीही लवकर पडते. पुढचं दूधसुद्धा असंच राखण करतं. आई ज्या घरात वावरते त्या घरातल्या जंतूंविरुद्धची प्रतिपिंडं तिच्या दुधात येतात. डब्यातल्या पावडरीला तुमचं घर माहीत नसतं. 1992 च्या कायद्यानं आपल्या देशात बाळाच्या दूध पावडरीच्या जाहिरातीला बंदी आहे, तरी बाळंतिणीच्या उशाशी डबा दिसला की माझा जीव तुटतो. वैद्यकीय कारण असेल तर गोष्ट वेगळी, तिथे डॉक्टरांचं ऐका.

मध नको. वर्षाच्या आत तर मुळीच नको, त्यानं विषबाधा होऊ शकते. गुळाचं पाणी नको, सहाणेवरची गुटी नको. सहा महिने फक्त आईचं दूध. बाळाला हात लावण्याआधी साबणानं हात धुवा, मग तुम्ही आत्या असा नाहीतर मामा.

आणि ऑपरेशन करून बाळ झालं असेल तरीसुद्धा चीक येतो. आईला उठता येत नसलं तरी आडवं पडून पाजता येतं, बाळाला धरायला कुणीतरी जवळ बसायचं. बाहेर पेढे वाटायला निघण्याआधी आत जाऊन सिस्टरांना विचारा, "बाळाला चीक पाजला का?" याच शब्दांत विचारा. पहिल्या तासात विचारा.

नमस्कार.