‘ताम्पोपो’मधलं ऑम्लेट

पडद्यावर पांढऱ्या सुटातला गुंड. सिनेमागृहात पहिल्या रांगेत बसून तो थेट आपल्याशी बोलतो आणि मागे कुरकुर आवाज करत वेफर्स खाणाऱ्याला दम भरतो. जपानी दिग्दर्शक जूझो इतामी यांचा १९८५ सालचा सिनेमा ‘ताम्पोपो’ असा सुरू होतो. गोष्ट तशी साधी आहे. ट्रक चालवणारा गोरो ताम्पोपो नावाच्या एका विधवेला तिचं रामेनचं, म्हणजे रश्श्यातल्या नूडल्सचं, दुकान सावरायला मदत करतो. पण कॅमेरा मधूनच ती गोष्ट सोडून भलत्याच माणसांमागे जातो. मरणाच्या दारातली आई नवऱ्याच्या हाकेसरशी उठते, भात परतून सगळ्यांना वाढते आणि मग प्राण सोडते. दुकानात एक म्हातारी चीज दाबत फिरते.

हे सगळं अतर्क्य असूनही पटतं, कारण स्वयंपाकाच्या बाबतीत इतामी कुठेच सूट घेत नाहीत.

ओमुराइसचाच, म्हणजे ऑम्लेटखाली झाकलेल्या भाताचाच, प्रसंग बघा. रात्री एक बेघर माणूस ताम्पोपोच्या मुलाला घेऊन बंद हॉटेलच्या स्वयंपाकघरात शिरतो. केचपमध्ये परतलेल्या भातावर ऑम्लेट ठेवतो, सुरीने उभी चीर देतो आणि मऊ अंडं दोन्ही बाजूंना उलगडून भात झाकून टाकतं. तोक्योच्या निहोनबाशी भागातल्या ‘ताइमेइकेन’ या हॉटेलमध्ये हा पदार्थ ताम्पोपोच्या नावानं मिळतो.

करायला घ्याल तर एका माणसाला तीन अंडी आणि वीस सेंटिमीटरचा, न चिकटणारा पॅन. पॅन मोठा असला की अंडं पातळ पसरतं, लगेच शिजतं आणि आत ओलावा राहत नाही. भात आधीच ताटलीत लांबट रचून ठेवा, कारण अंडं तयार झाल्यावर थांबायला वेळ नसतो. चमचाभर लोण्याचा फेस बसू लागला की अंडी ओता. एका हाताने पॅन हलवत दुसऱ्या हातातल्या चॉपस्टिक्सनी भराभर ढवळा. अंडं अर्धवट धरलं की ढवळणं थांबवा. इथे पाच-दहा सेकंद जास्त गेले तर आतला भाग घट्ट होतो आणि चीर दिल्यावर ऑम्लेट उलगडतच नाही. घाई केलीत तर बाहेरची साल धरत नाही, गुंडाळताना फाटते. आता पॅन पुढे तिरपा करा, दांड्यावर मुठीने हलके ठोके द्या. ऑम्लेट कडेला सरकून स्वतःवर वळतं. जोड खाली गेला की काही क्षण थांबा, म्हणजे तो चिकटेल. मग लगेच भातावर उतरवा, आतली ऊब अंडं शिजवतच असते. चीर वरच्या सालीपुरतीच द्या, टोकापासून टोकापर्यंत.