पितळेचं हरीण घासायच्या आधी उलटं करून बघा!

हाय मंडळी, तर आज टेबलावर हे महाशय आहेत, पितळेचं हरीण, वीतभर उंच, शिंगांना फाटे वगैरे. सुट्टीत चार माणसं जेवायला येणार म्हटलं की टेबलाच्या मधोमध ठेवायला असलं काहीतरी आपण कपाटातून काढतो आणि काढलं की लगेच घासायला बसतो. थांबा जरा. आधी त्याला उलटं करा.

(हरीण उलटं, कॅमेऱ्याजवळ)

हे बघा. वरून पॉलिश केलं की सगळेच सोन्यासारखे दिसतात, खरं काय ते पोटाखाली कळतं, कारण तिकडे कोणी फार मेहनत घेत नाही. इथे हे खरखरीत दिसतंय ना, म्हणजे हे वाळूच्या साच्यात ओतलंय, आणि ही बारीक रेघ म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात ती जागा, कानशीनं घासलीये पण पूर्ण गेली नाहीये. मला ती आवडते खरं तर.

आता खुराचा तळ. टेबलावर सरकून सरकून ओरखडा पडलाय, आणि आतही पिवळंच आहे, म्हणजे पितळ. राखाडी दिसलं असतं तर वर नुसता मुलामा. लोहचुंबक लावून बघा असं सगळे सांगतात, पण ती अर्धीच टेस्ट आहे. चिकटला तर आत लोखंड, बरोबर, पण जस्ताच्या मिश्रधातूलाही तो चिकटत नाही आणि मुलाम्याच्या मूर्ती बऱ्याचदा त्याच्याच असतात. भरीव मूर्ती असेल तर वजन करा आणि काठोकाठ भरलेल्या भांड्यात बुडवून किती पाणी सांडतं ते मोजा. पितळेची घनता साधारण 8.5, म्हणजे 425 ग्रॅमचं हरीण 50 मिली पाणी सांडणार. जस्तवालं असेल तर 60 च्या पुढे. पोकळ असेल तर ही भानगड करूच नका, आकडे काहीही येतील.

एवढं का बघायचं? कारण मुलामा असेल आणि तुम्ही पॉलिश पेस्ट घेऊन बसलात तर मुलामाच घासून निघेल. आणि वर पारदर्शक लॅकर असेल तर घासायचंच नाही, ओल्या मऊ कापडानं पुसलं की झालं. लॅकर कुठे उडालं असेल तर तेवढाच डाग काळवंडतो, त्यावरून ओळखू येतं.

साधं पितळ असेल तर लिंबू-मीठ चालतं, पण मिनिटभर, मग धुवून लगेच कोरडं करायचं. मी काय केलं, तर लावलं आणि झोपलो. सकाळी हरणाचे कान गुलाबी! पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, आंबटानं वरचं जस्त आधी निघून जातं आणि तांब्याचा रंग उघडा पडतो. पेस्टनं बरंच गेलं ते, पण कानाच्या आत बोटच पोचत नाही. आणि काचेचा स्प्रे मारू नका हां, त्यात अमोनिया असेल तर ताण असलेल्या पितळेला तडेसुद्धा जाऊ शकतात.

टेबलावर ठेवताना खुरांखाली फेल्टचे तुकडे चिकटवा, नाहीतर ओलसर टेबलक्लॉथवर जंगालाचे हिरवे ठिपके उमटतात. कापलेली फळं, सॅलड त्याला टेकवून ठेवू नका, आंबट पदार्थ कळकतो आणि पितळेत थोडं शिसंही असू शकतं. आणि एकदा स्वतः खुर्चीत बसून बघा, समोरच्याचा चेहरा शिंगांमधून दिसत असेल तर मधून हलवा, कोपऱ्यात ठेवा.

मी हे असं, जरा तिरकं ठेवतो. या बाजूनं गुलाबी कान दिसत नाहीत.