पंपाच्या खोलीतले ड्रम

(गोणीची शिवण उसवली जाते. मीठ पाण्यात पडतं, तळाशी पांढरा ढीग होतो.)

५० किलोची गोणी. अशा चार आज पाण्यात जाणार, पाचवी काठावर थांबणार. मीठ रिफाइंड आहे, आयोडीन न घातलेलं. ते एका जागी ओतून चालत नाही. काठाकाठाने फिरत उथळ भागात पसरायचं आणि विरघळेपर्यंत लांब दांड्याच्या ब्रशने सारत राहायचं. ब्रश काकांच्या हातात आहे. हा पोहण्याचा तलाव तेच सांभाळतात.

(द्राक्षबाग. उघड्या वेली, मागे फार्महाऊस.)

नाशिकहून गंगापूर धरणाच्या बाजूला निघालं की बागा लागतात. एप्रिल आहे. माल उतरलाय, खरड छाटणी झालीये. बागेला लागूनच हा तलाव, १० मीटर लांब, ५ मीटर रुंद. सरासरी खोली १.४ मीटर, म्हणजे पाणी झालं ७० हजार लिटर. सगळं बोअरचं.

(काकांचे हात, अगदी जवळून.)

हे हात जरा थांबून बघा. रोज संध्याकाळी क्लोरीनची पावडर बादलीत कालवायची आणि पाण्यात सोडायची, हे या हातांचं काम. पेरांवरची कातडी सोलवटलीये. पंपाची खोली दहा बाय आठची, खिडकी एकच. ड्रमचं झाकण उघडलं की वाफ थेट नाकाडोळ्यांत जाते. खोलीत दोन जातींची पावडर होती, टीसीसीए (ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ॲसिड) आणि ब्लीचिंग. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही क्लोरीनच्याच. पण एकीचं माप चुकून दुसरीत बुडलं तर विषारी वायू सुटतो, पेटही घेऊ शकतो, स्फोटही होऊ शकतो. ड्रमवरची सूचना इंग्रजीत होती. काकांना ती कुणी वाचून दाखवली नव्हती.

त्यांचा खोकला थांबेना, तेव्हा मालकांच्या सूनबाईंनी विषय काढला, हे ड्रम इथून हलवायचे. मिठापासून जागेवरच क्लोरीन तयार करणारं यंत्र बसवायचं ठरलं.

(टेस्ट किट. नळीतल्या पाण्यात रंग उतरतो.)

सिन्नरहून आलेल्या फिटरने पहिल्या दिवशी खोकं उघडलंच नाही. "काका, आधी पाणी बघू. मशीन कुठं जात नाही," एवढं म्हणून तो काठावर मांडी घालून बसला.

नळीच्या तळाशी काळा ठिपका आहे. तपासणीचं औषध घालून गढुळलेलं पाणी वरून ओतत जायचं. ठिपका ज्या रेघेवर दिसेनासा होतो, तो सायन्युरिक ॲसिडचा आकडा. टीसीसीए पावडरीतून हे ॲसिड पाण्यात येतं आणि साठत राहतं. थोडं हवंच, कारण ते नसेल तर उन्हात क्लोरीन काही तासांत उडून जातं. फार झालं की मात्र तेच क्लोरीनला बांधून ठेवतं. इथे आकडा १०० पीपीएमच्या, म्हणजे लिटरमागे १०० मिलिग्रॅमच्या वर होता. यावर उतारा एकच, पाणी बदलणं. अर्धं पाणी रात्रीतून काढलं गेलं. तेव्हा कॅमेरा नव्हता.

(नळीत जांभळट लाल रंग. बोअरच्या पाइपातून पडणारी धार.)

नवं पाणी भरल्यावर सायन्युरिक ६० च्या आसपास आलं. आता दुसरी अडचण. आपल्याकडचा जमिनीखालचा दगड म्हणजे काळा बेसाल्ट. त्याच्या भेगांतून वर येणारं पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन येतं. गिझरच्या कॉइलवर बसणारा पांढरा थर नाशिकच्या घराघरांत ओळखीचा आहे. हाच थर यंत्राच्या पट्ट्यांवर बसला तर यंत्र मुकं होतं. कॅल्शियम हार्डनेस ३८०, चालेल असा, पण काठावरचा. अल्कलिनिटी, म्हणजे ॲसिड पचवायची पाण्याची ताकद, २००. पीएच ८.२.

हवं काय? पीएच ७.२ ते ७.६ आणि अल्कलिनिटी १०० च्या आत-बाहेर. मग आठवडाभर रोज दोन लिटर हायड्रोक्लोरिक ॲसिड, तेही बादलीभर पाण्यात ॲसिड ओतून. ॲसिडवर पाणी कधीच नाही. हातमोजे आणि चष्मा फिटरने काकांना आपल्या हाताने घातले. पाणी परत येण्याच्या तोट्या वर वळवून ठेवल्या, पृष्ठभाग खळखळता राहिला. अल्कलिनिटी खाली आली तरी पीएच फार पडला नाही, तो या खळखळाटामुळे. सातव्या दिवशी नळीतला रंग नारिंगीकडे झुकला, पीएच ७.४. काकांनी नळी उन्हात धरली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही.

(हॅकसॉ. पीव्हीसी पाइपचा कीस उडतो. सेल जागेवर बसतो.)

सेल म्हणजे यंत्राचा क्लोरीन तयार करणारा भाग. तो बसतो फिल्टरच्या पुढे, ओळीत शेवटी. दोन्ही बाजूंना युनियन, म्हणजे हाताने उघडता येणारे जोड, साफ करताना पाइप कापायला नको. शेजारी फ्लो स्विच. पाणी वाहायचं थांबलं की वीज बंद झालीच पाहिजे, नाहीतर आत वायू कोंडतो. अर्थिंग दोनदा तपासलं.

आत टायटॅनियमच्या पट्ट्या आहेत, रुथेनियम ऑक्साइडचा लेप दिलेल्या. वीज गेली की मीठ-पाण्यातून क्लोरीन सुटतो आणि लगेच विरघळून जंतू मारायला लागतो. काम झालं की त्याचं पुन्हा मीठच होतं. त्यामुळे मीठ संपत नाही. काठाबाहेर शिंपडलेल्या पाण्याबरोबर, बॅकवॉशमध्ये, म्हणजे फिल्टर उलट्या धारेने धुताना, आणि पावसाळ्यात तलाव भरून वाहिला की तेवढं कमी होतं.

(मीटर. काका बोट बुडवून जिभेला लावतात.)

मीठ घातल्यावर २४ तास फक्त पंप चालू, सेल बंद. दुसऱ्या दिवशी मीटरने ३,२०० दाखवले, कारण बोअरच्या पाण्यात आधीच थोडे क्षार होते. पाचव्या गोणीतलं २० किलो आणखी गेलं आणि काटा ३,५०० वर आला. लिटरमागे साडेतीन ग्रॅम. समुद्रात ३५ असतं, डोळ्यांतल्या पाण्यात नऊच्या आसपास. हे पाणी डोळ्यांना फारसं झोंबत नाही.

(सेलच्या पारदर्शक नळीत बारीक बुडबुडे.)

सेल सुरू झाला. तासाला २० ग्रॅम क्लोरीन, दिवसाला आठ तास.

पीएच पुढेही चढत राहणार, त्यामुळे ॲसिडचा एक कॅन खोलीत राहिला आहे. सेल साधारण पाच वर्षांनी बदलावा लागेल. बॅकवॉशचं पाणी आता खारट आहे आणि द्राक्षाला खार सोसत नाही. बागेकडे जाणारा तो पाइप बंद करून ठेवला आहे.

(टेम्पो. दोन्ही जातींचे ड्रम वेगवेगळे बांधून चढवले जातात. रिकामी खोली, भिंतीवर ड्रमच्या गोल खुणा.)

खोलीत आता एक वही आहे. काकांच्या अक्षरात पहिली ओळ, पीएच ७.४, क्लोरीन २, मीठ ३,५००.

(निवेदन नाही. काका खोलीची खिडकी पुसतात.)