द्वोग पाचो : गुलूच्या रेडिओवरची हाक

[दृश्य : उत्तर युगांडातलं गुलू शहर. छपरांच्या वर दिसणारा रेडिओचा मनोरा.]

2004 साली दिवस कलला की या रस्त्यांवर मुलांची रीघ लागायची. खेड्यापाड्यांतून चालत यायची, बसस्थानकात, दवाखान्याच्या ओसरीवर, चर्चच्या आवारात अंग टाकायची आणि उजाडलं की माघारी निघायची. एकेका रात्री 40 हजारांपर्यंत मुलं अशी शहरांच्या आसऱ्याला येत. घरी झोपलं, तर बंडखोर म्होरक्या जोसेफ कोनीची माणसं उचलून नेतील, ही धास्ती.

कोनीची 'लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी' ही सरकारविरोधी बंडखोर सेना 1987च्या सुमारास उभी राहिली. स्वखुशीने येणारे मिळेनात, तेव्हा तिने मुलं पळवायला सुरुवात केली. किमान 20 हजार मुलं तिने पळवली. त्यांच्या हातून शेजाऱ्यापाजाऱ्यांचा, कधी सख्ख्या नातलगाचा जीव घ्यायला लावला. मग बजावलं : आता गाव तुला दारात उभं करणार नाही, आणि सरकारी सैन्य दिसताक्षणी गोळी घालेल. हातात बंदूक असलेलं पोर पळून का जात नाही, याचं उत्तर या दोन वाक्यांत आहे.

2000 साली युगांडाच्या संसदेने माफीचा कायदा केला. शस्त्र टाकून परत या, खटला होणार नाही. पण जंगलात हे सांगणार कोण?

[दृश्य : स्टुडिओ. मायक्रोफोन. अचोली या इथल्या भाषेतला आवाज.]

2002मध्ये गुलूत 'मेगा एफएम' सुरू झालं. त्यावरचा एक कार्यक्रम होता 'द्वोग पाचो', म्हणजे घरी परत ये. त्यात जंगलातून सुटून आलेली माणसं बोलत. मी अमका, अमक्या तुकडीत होतो, आता गुलूत आहे, मला कुणी मारलं नाही. सरकारी निवेदकाने हेच शंभरदा सांगितलं असतं, तरी कुणाचा विश्वास बसला नसता. पण ज्याच्यासोबत उपाशी चाललो, त्याचा आवाज ओळखू येतो. कोनीचे सेनानी स्वतः रेडिओ ऐकत आणि हाताखालच्यांना ऐकू देत नसत. तरीही चोरून ऐकलं जाई, आणि ऐकून माणसं निघत. साध्या एफएम लहरींनी इथे जे केलं, ते मला आजही थक्क करतं.

घरी आल्यावरचं काम मात्र रेडिओच्या आवाक्याबाहेरचं होतं. अचोली समाजाकडे त्यासाठी जुना विधी होता. परतलेल्याने उंबऱ्यापाशी कोंबडीच्या कच्च्या अंड्यावर पाय द्यायचा. अंडं निर्मळ, कुणाचं काही न बिघडवलेलं. सोबत ओपोबो झाडाची बुळबुळीत फांदी, अंगावरचं किल्मिष धुऊन जावं म्हणून. आणि लायिबी, म्हणजे धान्याची कणगी उघडायची काठी : या घरच्या अन्नावर तुझा पुन्हा हक्क आहे.

मुलींची वाट याहून बिकट होती. सेनानींच्या 'बायका' केलेल्या या मुली कडेवर लेकरं घेऊन परतल्या, आणि गावात त्या लेकरांना 'बंडखोराची पोरं' म्हणून हिणवलं गेलं.

[दृश्य : सेंट मोनिका केंद्र. ओळीने मांडलेली शिवणयंत्रं.]

गुलूतल्या सेंट मोनिका शिवण केंद्राच्या सिस्टर रोझमेरी न्यिरुम्बे यांनीही रेडिओच गाठला. या, आणि मुलांना घेऊन या, असं त्यांनी जाहीर केलं. शाळा अर्ध्यात सुटलेल्या मुली इथे पायाने चालवायच्या यंत्रावर बसल्या. पुढे शीतपेयांच्या डब्यांचे पत्र्याचे खटके ओवून त्यांनी पर्सही विणल्या. शिवणकामात माप घ्यावं लागतं, आकडे मांडावे लागतात, हिशेब ठेवावा लागतो. शिक्षण पुन्हा सुरू झालं ते असं, आणि त्याच दिवसापासून चार पैसे हाती येण्याची सोयही झाली.

सगळे परतले नाहीत. डॉमिनिक ऑन्ग्वेनला लहानपणी शाळेच्या वाटेवरून पळवलं होतं. तो जंगलातच वाढला, सेनानी झाला, आणि त्यानेही मुलं पळवली. 2021मध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने त्याला 25 वर्षांची शिक्षा दिली. पळवलेलं पोर आणि गुन्हेगार, दोन्ही एकाच देहात. त्या निकालपत्राकडे बघताना मला दोघेही दिसतात.

2006नंतर कोनीची टोळी युगांडाबाहेर पडली. जंगलात जन्मलेली ती लेकरं आता तरुण झाली आहेत. अचोलींमध्ये जमीन बापाच्या कुळाकडून मिळते, आणि यांतल्या अनेकांना बापाचं कूळच ठाऊक नाही. म्हणून त्यांच्या आया शिवणाच्या कमाईतून मुलांची फी भरतात, आणि जमेल तिथे जमिनीचा तुकडा विकत घेण्यासाठी पैसे साठवतात.