उलटा धरा, मग ओळखा

मंडळी, हा शंख आता तुमच्यात फिरवतोय. जरा जपून, कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ आहे. रंग जांभळा, हे कुणीही सांगेल. पण तेवढ्यावर जात सांगायला जाल तर फसाल. समुद्रावर तरंगणाऱ्या जँथिना वंशातल्या बहुतेक सगळ्याच गोगलगायी जांभळ्या, आणि नावाचा मूळ ग्रीक शब्दही जांभळाच. शिवाय वाळूत चार दिवस ऊन खाल्लं की गडद शंखही फिकट दिसू लागतो.

तुम्ही सगळ्यांनी शंख टोक वर करून धरलाय. आपली सवयच ती. ही गोगलगाय मात्र जन्मभर उलटी लटकलेली असते. पायाचा पुढचा भाग वाटीसारखा करून ती पृष्ठभागावरची हवा पकडते, तिला चिकट स्राव गुंडाळते आणि असा एकेक बुडबुडा जोडून तराफा बनवते. तराफा सुटला की संपलं, कारण तिला पोहता येत नाही, ती तळाला जाते. आता शंख उलटा करा. गडद जांभळा तळ आकाशाकडे आला आणि फिकं टोक पाण्याकडे गेलं. वरून पाहणाऱ्या पक्ष्याला खाली गडद समुद्रच दिसतो, खालून पाहणाऱ्या माशाला वर उजळ पाणी. असा स्पष्ट दुरंगी, बसक्या टोकाचा, शेवटच्या वेढ्याला कोपरा असलेला, जास्तीत जास्त चारेक सेंटिमीटरचा शंख म्हणजे जँथिना जँथिना. सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसने 1758 साली हिला हेलिक्स या वंशात घातलं होतं. आज ते नाव जमिनीवरच्या गोगलगायींचं आहे. आकार पाहिलात तर त्याचा फार दोष वाटत नाही.

आता एकच रंग असेल तर? इथे खरी गंमत आहे. शंखाच्या तोंडाची बाहेरची कड पाहा, तिच्यात खाच आहे का. पण किनाऱ्यावर सापडलेल्या शंखाची कड तुटलेलीच असते. मग काय करायचं? पाठीवरच्या बारीक रेषा वाचायच्या. शंख कडेनेच वाढतो, म्हणजे प्रत्येक रेषा ही कधी काळची कड. आजची कड गेली तरी तिचा आकार मागे लिहिलेला असतो. भिंगाखाली त्या रेषा मधोमध मोडून बाणाच्या टोकासारख्या दिसल्या, त्यांचे ठळक कंगोरे झालेले असले आणि शंख दोन सेंटिमीटरच्या आतला असला, तर ती जँथिना एक्झिग्वा. फिकट, गोलसर, तोंडाची खालची बाजूही गोल असेल, तर जँथिना पॅलिडाचा विचार करा. बाकीच्या जातींबद्दल एका शंखावरून पैज लावू नका, मीही लावत नाही.

आपल्याकडे पावसाळ्यात वारा किनाऱ्याकडे सुटला की जुहू, गिरगावला निळ्या बटणासारखे पोर्पिटा, म्हणजे जेलीफिशचे तरंगणारे भाऊबंद, येऊन पडतात. ते हिचं खाणं. त्यांच्याच नात्यातले वेलेला आणि ब्लू बॉटलही ती खाते. म्हणून त्या पसाऱ्यात नजर टाकायची, फक्त ब्लू बॉटलच्या निळ्या दोऱ्यांना हात लावायचा नाही. मेलेल्या दिसल्या तरी त्या डंख मारतात.

नशीब असेल तर तराफ्यासकट गोगलगाय सापडेल. तराफ्याला अंड्यांच्या बारीक पिशव्या चिकटल्या असतील, तर रंगाने कितीही मोह घातला तरी ती जँथिना जँथिना नव्हे. जँथिना जँथिना अंडी बाहेर ठेवत नाही, अंगातच उबवून पिल्लं पाण्यात सोडते.

शंख कुणापाशी आहे? इकडे द्या. आणि टेबलावर ठेवताना टोक खाली.