आकड्यासोबत वॅटही सांगा: डेस्कटॉप आणि लॅपटॉप प्रोसेसरांची तुलना

मित्रहो, कोर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग आणि गिगाहर्ट्‌झ म्हणजे त्याच्या वेगाचे माप, हे आपल्याला सांगण्याची गरज नाही. या सभागृहातल्या बहुतेकांनी स्वतःच्या हाताने कॅबिनेट उघडून थर्मल पेस्ट लावलेली आहे. म्हणून थेट मुद्द्यावर येतो. प्रोसेसरच्या कामगिरीचा आकडा किती वॅटवर मिळाला आणि किती वेळ टिकला, हे सोबत सांगितलेले नसेल, तर त्या आकड्याच्या आधारे डेस्कटॉप आणि लॅपटॉप यांची तुलना करू नये, असे माझे ठाम मत आहे.

या आग्रहामागे एक अनुभव आहे. माझा भाचा लग्नसमारंभांचे चित्रीकरण करतो. २०१७ साली त्याला संकलनासाठी संगणक घ्यायचा होता. घरी इंटेलच्या कोअर आय५-७४०० प्रोसेसरचा डेस्कटॉप होताच. दुकानदाराने त्याला कोअर आय७-७५००यू असलेला लॅपटॉप दाखवला आणि पाचापेक्षा सात मोठा, असे सांगून व्यवहार पुरा केला. दोन्हींचा कमाल वेग कागदावर अगदी सारखा, म्हणजे ३.५ गिगाहर्ट्‌झ होता. पण डेस्कटॉपच्या आय५ मध्ये चार कोर होते आणि लॅपटॉपच्या आय७ मध्ये दोनच; पहिल्याची औष्णिक मर्यादा, म्हणजे सततच्या कामात बाहेर काढावी लागणारी उष्णता, ६५ वॅट होती, तर दुसऱ्याची १५ वॅट. हे त्या चकचकीत स्टिकरवर कुठेही लिहिलेले नव्हते. एका रात्री आम्ही एकच फिल्म दोन्ही यंत्रांवर एक्स्पोर्टला लावली आणि प्रोसेसरचा वेग दाखवणारा टास्क मॅनेजर उघडून बसलो. लॅपटॉप सुरुवातीला जोरात निघाला, थोड्याच वेळात पंखा घरघरू लागला, कडेच्या जाळीतून गरम हवा येऊ लागली आणि वेगाचा आकडा पायरीपायरीने खाली आला. डेस्कटॉपचा आकडा शेवटपर्यंत हलला नाही आणि काम त्याचेच कितीतरी आधी संपले. ग्राहकाने कष्टाचे पैसे मोजायचे आणि कोर किती आहेत हे घरी येऊन शोधायचे, याचा मला आजही राग येतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंटेलने १५ वॅटच्या मालिकेत चार कोर आणले, पण तोवर भाच्याचे हप्ते सुरू झालेले होते.

लॅपटॉपचा प्रोसेसर मुळातच दुबळा, असा समज मात्र कुणी करून घेऊ नये. इतिहास वेगळेच सांगतो. डेस्कटॉपचा पेंटियम ४ प्रोसेसर वेगाच्या मागे धावत ३.८ गिगाहर्ट्‌झपर्यंत पोहोचला आणि उष्णतेपुढे अडला. ४ गिगाहर्ट्‌झचे जाहीर केलेले मॉडेल इंटेलला २००४ साली रद्द करावे लागले. दरम्यान इस्राएलमधल्या हैफा येथील चमूने खास लॅपटॉपसाठी रचलेला पेंटियम एम २००३ सालीच बाजारात आला होता, तोही कमी वेगाचा आणि कमी विजेचा. त्याच विचारसरणीतून घडलेल्या कोअर २ ड्युओने २००६ मध्ये डेस्कटॉपवर पेंटियम ४ ची जागा घेतली. म्हणजे लॅपटॉपच्या काटकसरीनेच डेस्कटॉपला वाट दाखवली, आणि ही गोष्ट मला या सगळ्या विषयात सर्वांत मोलाची वाटते.

अध्यक्षांनी वेळेची चिठ्ठी पाठवली आहे, त्यामुळे जाहीर केलेली तुलना आता थोडक्यात मांडतो. कोअर आय९-१३९००के हा डेस्कटॉपचा आणि १३९००एचएक्स हा लॅपटॉपचा प्रोसेसर. दोन्हींत २४ कोर आहेत. पहिल्याची कमाल टर्बो वीज, म्हणजे वेग तात्पुरता वाढवताना लागणारी वीज, २५३ वॅट, म्हणजे घरातल्या तीन साध्या छतपंख्यांइतकी, तर दुसऱ्याची १५७ वॅट आहे. कमाल वेग मात्र ५.८ आणि ५.४ गिगाहर्ट्‌झ, म्हणजे कागदावर फरक जेमतेम सात टक्क्यांचा. याचे कारण असे, की वीज ही वेगाच्या प्रमाणात आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, आणि वेग वाढवायचा तर व्होल्टेजही वाढवावे लागते. त्यामुळे शेवटचे काहीशे मेगाहर्ट्‌झ (गिगाहर्ट्‌झचा हजारावा भाग म्हणजे एक मेगाहर्ट्‌झ) फार महाग पडतात. एका कोरवर चालणाऱ्या छोट्या कामांत लॅपटॉप म्हणूनच फारसा मागे पडत नाही. सगळे कोर दीर्घकाळ राबतात तेव्हा अंतर उघड होते.

शिवाय तोच प्रोसेसर दोन लॅपटॉपांत सारखा चालेलच, असे नाही, कारण वीज किती द्यायची आणि उष्णता कशी काढायची, हे लॅपटॉपचा निर्माता ठरवतो. ॲपलची एम१ चिप २०२० मध्ये पंखा नसलेल्या मॅकबुक एअरमध्ये आणि पंखा असलेल्या मॅक मिनीमध्ये एकाच वेळी आली. लहान कामांत दोघे बरोबरीचे, पण भार लांबला की एअरचा वेग उतरतो. हा फरक अर्ध्या मिनिटाच्या चाचणीत दिसत नाही. सिनेबेंच आर२३ सारखी, प्रोसेसरला राबवून गुण देणारी चाचणी सलग किमान दहा मिनिटे चालवावी, एकदा चार्जर लावून आणि एकदा काढून, आणि गुणांसोबत वॅटचा आकडाही टिपून ठेवावा. दुकानात दहा मिनिटे चाचणी चालवू देत नसतील, तर निदान मॉडेलचे पूर्ण नाव यू किंवा एचएक्स अशा शेवटच्या अक्षरासह लिहून घ्यावे आणि कोर व वॅट तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत.