नाव फ्लॉरेन्सनं ठेवलं

अमेरिकेतलं डेट्रॉइट. वेस्ट ग्रँड बुलव्हार्ड, घर क्रमांक 2648, आता संग्रहालय. दर्शनी भिंतीवर निळी अक्षरं : हिट्सव्हिल यू.एस.ए. 1959 साली घरच्यांकडून 800 डॉलर उसने घेऊन बेरी गॉर्डीनं गाण्यांच्या रेकॉर्डचा धंदा मांडला, तोच पुढे मोटाउन कंपनी झाला. गडी आधी मोटारींच्या कारखान्यात राबलेला. गाणीही त्याला तशीच हवी होती, एकामागून एक तयार होऊन बाहेर पडणारी.

शाळा सुटली की काही मुली इथे येऊन बसायच्या. ब्रूस्टर-डग्लस या सरकारी वसाहतीतल्या. फ्लॉरेन्स बॅलार्डनं मेरी विल्सनला आणलं, मागून डायना रॉस आली. "आधी शाळा पुरी करा" म्हणून गॉर्डीनं त्यांना वाटेला लावलं. पोरी हटल्या नाहीत. कुणाच्या गाण्यात टाळ्या वाजव, कुणाच्या मागे सूर धर. जानेवारी 1961 मध्ये करार झाला आणि त्यांच्या गाण्याच्या गटाला नवं नाव हवं होतं. समोर आलेल्या नावांतून 'सुप्रीम्स' उचललं ते फ्लॉरेन्सनं. बाकीच्यांना ते फारसं रुचलं नव्हतं.

हा स्टुडिओ ए. छतावरून वायरी लोंबायच्या, म्हणून वादक याला सापांचा खड्डा म्हणत. वर माळा दिसतो ना? आवाजाला घुमारा हवा असला की तो या माळ्यावर खेळवून आणायचे. तीन वर्षं एकही मोठं गाणं लागलं नाही; ऑफिसात 'नो-हिट सुप्रीम्स' अशी टिंगल चाले. मग एप्रिल 1964. हॉलंड-डोझियर-हॉलंड या गाणी रचणाऱ्या त्रिकुटाचं 'व्हेअर डिड अवर लव्ह गो'. गाणं मुलींना मुळीच पसंत नव्हतं. डायनाला नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत गायला लावलं. मेरी-फ्लॉरेन्सच्या वाट्याला मागून 'बेबी, बेबी' एवढंच. आणि सुरुवातीचा तो ठेका ऐका. ढोल नाही, टाळ्या नाहीत. लाकडी फळ्यांवर आपटलेले पाय आहेत ते.

ऑगस्टमध्ये गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर. त्यानंतरची चारही तिथेच; एकूण बारा. चालायचं, बसायचं कसं, हे मॅक्सिन पॉवेलबाईंनी शिकवलं. नाचाची पावलं चॉली अ‍ॅटकिन्सनी बसवली. हे झगे, हे हात, सगळं घोटून घेतलेलं.

1967 मध्ये पाटीवर 'डायना रॉस अँड द सुप्रीम्स' आलं, फ्लॉरेन्सच्या जागी सिंडी बर्डसाँग आली. 1976 मध्ये फ्लॉरेन्स गेली, वय 32.

हे चित्रण 27 डिसेंबर 1964 चं, एड सलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमातलं. तिघी आहेत.